गोडबोलं एक्स्चेंज

तीस वर्षं हातानं फोन जोडून दिलेल्या वत्सलाबाई रेग्यांनी धाकट्या बहिणीचा, कुमुदचा, नंबर फिरवला. स्वयंचलित एक्स्चेंजचाच मधाळ आवाज आला, "कुमुदताईंशी तुमचं भांडण होतं. त्यापेक्षा माझ्याशी बोला."

"अगं बये, भांडायलाच फोन केलाय!" वत्सलाबाई कडाडल्या. आम्ही लोकांच्या शिव्यासुद्धा मुकाट जोडून द्यायचो, आणि हे दीडशहाणं डबडं अक्कल शिकवतंय! रिसीव्हर आपटून त्यांनी चिपळूणची एसटी धरली.

दार उघडताच कुमुद रडायलाच लागली. "ताई, सहा महिने रोज फोन लावतेय. ते यंत्र म्हणतं, ताईशिवाय तुम्ही सुखात आहात."

"त्या मुडद्याला सुख काय कळतंय!" म्हणत वत्सलाबाई आत शिरल्या.

दोघी तिन्हीसांजेपर्यंत कडाकडा भांडल्या आणि एकाच ताटात जेवल्या.