एकशे ऐंशी किलोमीटरचा वळसा

"हे काय आखलंय, बाई?" कॅप्टननी कागद टेबलावर आपटला. "सरळ गेलो तर चौदाशे ऐंशी किलोमीटर. तुम्ही वर एकशे ऐंशीचा वळसा घालायला सांगताय! चारच्या ठोक्याला तिकडची धावपट्टी उद्या पहाटेपर्यंत दुरुस्तीसाठी बंद होतेय, माहितीये ना?"

"म्हणूनच सांगतेय, सर."

विमानांचे मार्ग आखायच्या खुर्चीत ती बसली त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधी नऊ वर्षं ती खाली काउंटरवर बॅगा वजन करून द्यायची, आणि ते ऑफिसात कुणी विसरलं नव्हतं.

"सरळ रेषा सगळ्यात जवळची असते. शाळेत शिकला नाहीत?"

"जवळची असते. लवकरची असेलच असं नाही." तिने पडद्यावरचा वाऱ्यांचा नकाशा त्यांच्याकडे वळवला. "सरळ वाटेवर ताशी दीडशेचा वारा तोंडावर येतोय. दोन तास सतरा मिनिटं लागतील. वळशाच्या वाटेवर वारा जवळपास नाहीच. दोन तास पाच मिनिटं. एक पन्नासला उडालात, तर तीन पंचावन्नला टेकाल."

"आणि नाही टेकलो तर? एकशे बेचाळीस माणसं घेऊन माघारी फिरू?"

पलीकडच्या टेबलावरून तिचे साहेब हळूच म्हणाले, "अहो, ते म्हणतायत तसं करून टाका ना. कशाला डोक्याला ताप!"

कागदावर कॅप्टनची आणि तिची, दोघांच्याही सह्या लागतात. तिने पेनला टोपण घातलं.

"सरळ वाटेच्या कागदावर मी सही करणार नाही."

कॅप्टननी नकाशाकडे बघितलं, मग तिच्याकडे. वळशाच्या कागदावर फर्रकन सही ठोकली आणि निघून गेले.

दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच विमानतळाकडे पाच मिनिटं आधीच सरळ वाटेने निघालं होतं. पडद्यावर दोन ठिपके सरकत होते. डबा उघडायचंही तिला सुचलं नाही. साडेतीनपर्यंत तिच्या खुर्चीमागे सगळं ऑफिस गोळा झालं होतं.

तीन पन्नासला सरळ वाटेवरचा ठिपका अडखळला आणि दुसऱ्याच विमानतळाकडे वळला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिने श्वास रोखून धरला.

तीन चोपन्न. तिचा ठिपका धावपट्टीवर टेकला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मी म्हटलंच होतं," साहेब सगळ्यांना सांगू लागले, "बाई पक्क्या आहेत!"

तेवढ्यात फोन वाजला. कॅप्टनच होते.

"एका मिनिटाने चुकलात, बाई."

"लवकरच्या बाजूला, सर."

पलीकडून खो खो हसणं ऐकू आलं. मग आवाज मऊ झाला. "उद्या सकाळी परत निघायचंय. सांगा, कसा येऊ?"

तिने नकाशा पुढे सरकवून बघितला. वारा उद्याही तस्साच राहणार होता.

"सरळ या, सर. आता तो आपल्या पाठीशी आहे."