हाताने आवळलेला

तेलाचा फिल्टर जागचा हलेना. गाडीची पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती. मेकॅनिक खाली उताणा पडून पट्ट्याचा पाना फिरवत होता आणि पाना नुसताच घसरत होता. शेवटी त्याने डोकं बाहेर काढलं.

"ताई, काय हात होता हो काकांचा. या वयात असला आवळलाय. माझ्यासारख्या पैलवानाला घाम फुटला."

पैलवानाचं मनगट काडीएवढं होतं. तिला हसू आलं. मग ती हातातल्या नव्या फिल्टरच्या खोक्यावरचा मजकूर वाचू लागली.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. गाडी तशीही आईच चालवायची. वाचनालय, भाजी, मावशीचं घर. पण चालवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. सांभाळायचे बाबा. तेल आणि फिल्टर ते घरीच बदलत, याच शेडमध्ये. ती सुट्टीत आली की ते एकदा तरी काळेकुट्ट हात घेऊन घरात येत, फडक्याने ते पुसत राहत आणि म्हणत, "ये, हात मिळव." ती किंचाळून मागे सरकायची. एवढी मोठी झाली तरी. त्यांचं पुसणं काही थांबायचं नाही. गाडी जुनी होती, पण इंजिन इतकं हळू बोलायचं की सिग्नलला ते बंद पडलं की काय, असं वाटावं.

"आता हे सगळं कोण बघणार, आई?" तिने परवा विचारलं होतं.

"तुला पटेल तसं कर," आई म्हणाली होती आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली होती.

संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी ताजं तेल घालून घ्यावं आणि हा वर्षभर चालणारा लाँग लाइफ फिल्टर बसवावा, असं तिने ठरवलं होतं. निदान नव्या मालकाकडे काही दिवस तरी बाबांच्या गाडीची आबाळ होऊ नये.

"फिल्टर चांगला आहे का हो हा?" तिने विचारलं.

"चांगलाच आहे. आतली जाळी बारीक, कचरा जास्त धरतो, लवकर तुंबत नाही. रोज लांबचा रस्ता करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा."

"बाबांना मागे असाच एक आणून दिला होता. त्यांनी बसवलाच नाही. म्हणाले, फिल्टर जगेल गं, पण तेल कुठे जगतंय? आपली गाडी कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येते. इंजिन धड तापत नाही, आतला ओलावा उडत नाही, तेल लवकर नासतं. ते बदलावंच लागतं. मग नव्या तेलाला जुना फिल्टर कशाला?"

"यात काय खोटं आहे?" मेकॅनिक म्हणाला. "आणि दर वेळी खाली डोकावणं होतं, ते वेगळंच. वर्षभर बघायला नको म्हटलं, की वर्षभर कोणी बघत नाही. गळती लागली तरी." तो पुन्हा आत सरकला. "आता याला खिळा ठोकूनच फिरवावं लागणार."

"खिळा नको."

आई दारात उभी होती. तिने बाबांचा जुना शर्ट अंगात घातला होता आणि तिच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता. "सरका जरा," ती म्हणाली. मेकॅनिक बाहेर आला. आई चटईवर टेकली, सवयीने डोकं तिरकं करून आत सरकली. खरबरीत बाजू आत करून तिने कागद फिल्टरभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पीळ दिला. एकदा नाही. दुसऱ्यांदा नाही. मग करकरून तो सुटला.

तेल थेंबथेंब घमेल्यात पडत होतं.

"आई, हे तू कधी शिकलीस?"

"दोन-तीन वर्षं झाली," आई गाडीखालूनच म्हणाली. "त्यांचे हात थरथरायला लागले ना, तेव्हापासून. ते त्या खुर्चीवर बसून सांगायचे. चुकलं की ओरडायचे. तू घरी असलीस की तेलात बोटं बुडवून तुझ्यासमोर यायचे."

तिला ते न थांबणारं फडकं आठवलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कळलं तर नोकरी सोडून येशील, म्हणायचे. ते गेल्या गेल्या त्यांचं गुपित फोडू? ते काही मला जमेना." आईने हात बाहेर काढला. "तो साधा दे, फळीवरचा."

तिने लाँग लाइफचं खोकं मेकॅनिकच्या हाती दिलं. "कोणी लांब जाणारा भेटला तर त्याला बसवा." मग फळीवरचा फिल्टर काढून आईच्या हातात ठेवला आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. गाडी विकायची नाही, एवढंच सांगितलं.

आईने बोटाने नव्या फिल्टरच्या रबरावर तेल फिरवलं, तो जागेवर धरला आणि नुसत्या हाताने बसवला. बसल्यावर थोडासाच आवळला आणि हात काढून घेतला.

मेकॅनिक वाकून बघत होता. "एवढाच आवळायचा असतो. तुम्हाला माहीत आहे, काकू. मग मागच्या वेळी इतका का आवळलात?"

आई बाहेर आली. फडकं घेऊन हात पुसू लागली.

"त्या दिवशी सकाळी त्यांचा रिपोर्ट आला होता," ती म्हणाली.