गुडघ्यावरची बोटं

मनकर्णाबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे पडद्यावर आला आणि मी आमच्या टेक्निशियनवर, रूपावर ओरडले, "नातेवाइकांना बाहेर काढत जा, किती वेळा सांगायचं?"

सांध्यातलं अंतर झिजून संपलं होतं. सत्तरीत ते असायचंच. पण त्या गुडघ्याभोवती कुणाच्या तरी हाताची पकड होती. बोटांची हाडं स्वच्छ दिसत होती.

"मॅडम, आत कुणीच नव्हतं," रूपा म्हणाली. "आजी फुलंब्रीच्या बसनं एकट्याच आल्यात."

मी पुन्हा एक्स-रे काढायला लावला. हात होताच. पकड आणखी आवळलेली होती.

रोजच्या सवयीनं मी ती हाडंही वाचायला लागले. संधिवातानं सांधे कुरतडलेले, करंगळी बाहेर वळलेली. मधलं बोट अर्ध्यातच तुटलेलं, वाळूजच्या कारखान्यात प्रेसखाली सापडलेल्या कामगारांचं असतं तसं.

तिसऱ्या एक्स-रेत गुडघा मोकळा होता.

"झालं का वं, डॉक्टरीणबाई?" मनकर्णाबाई टेबलावरून उतरल्या आणि तरातरा दारापर्यंत गेल्या. काठी टेबलालाच टेकलेली राहिली. "आता कायबी दुखंना. लई हलकं वाटाया लागलं."

त्या गेल्यावर मी रिपोर्ट लिहायला खुर्ची पुढं ओढली.

टेबलाखाली माझ्या गुडघ्याला काहीतरी गार लागलं आणि हळूहळू आवळत गेलं. खाली बघायचा धीर झाला नाही. डोळे मिटून मी नुसती बोटं मोजली.

अंगठा. त्याच्या शेजारचं बोट. त्यानंतरचं अर्ध्यावरच संपत होतं.