बेअरिंगचा कप्पा

पंपाच्या कारखान्यातल्या स्टोअरमध्ये आठ हजार सुटे भाग होते आणि कोणता कुठल्या कप्प्यात आहे, हे फक्त स्टोअरकीपर वाळिंब्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या खिडकीशी सतत कोणीतरी उभं असायचं. बेअरिंग सापडेपर्यंत घरचं सगळं सांगून व्हायचं.

मग कंपनीनं सॉफ्टवेअर आणलं. वाळिंब्यांनी चार महिने बसून आठ हजार कप्पे स्वतःच त्यात भरले. त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळालं, आणि शांतताही. आता लोक मोबाइलवर कप्पा बघत, वस्तू स्कॅन करून उचलत आणि निघून जात.

तीन वर्षांनी एका सकाळी वाळिंब्यांनी एका बेअरिंगचा कप्पा सिस्टिममध्ये मुद्दाम चुकीचा टाकला. नोकरीतली पहिलीच चूक, त्यामुळे दोनदा तपासून घेतली.

अकराला मेंटेनन्सचे शिंगटे तणतणत खिडकीशी आले. "अहो वाळिंबे, काय भरून ठेवलंय? तिथं नुसते वायसर आहेत!"

"थांबा, शोधतो." बेअरिंग वाळिंब्यांच्या खिशातच होतं. "बाकी काय? मुलीसाठी स्थळं बघत होता ना, जमलं का कुठे?"

"जमलं? आजोबा झालो मी!" शिंगटे हसले, मग जरा घुटमळले. "लग्नाला आला नाहीत तुम्ही. पत्रिका स्टोअरच्या मेलवर पाठवली होती. तुमचं लगेच उत्तरही आलं होतं की, 'आपली मागणी नोंदवली आहे' म्हणून."

वाळिंबे पाठ फिरवून बराच वेळ बेअरिंग शोधत राहिले.