उलटा बाण

तिने कांडी नाकाशी धरली आणि तिला ओकारीच आली. दगडाला चपलांच्या दुकानासारखा वास येत होता.

दगडाला वास नसतो. ओला केला तर फार तर मातीचा येतो. हा गोंदाचा होता. तिने नखाने खरवडलं तसा एक पिवळट पापुद्रा सुटला, भाजलेल्या कातडीसारखा, आणि बोटालाच चिकटून बसला. तिने तो पॅन्टला पुसला. तिथेही तो चिकटला.

बोगदा जिथून जाणार तिथे बोअर मारून दगडाच्या कांड्या वर काढल्या होत्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी पेट्यांत मांडल्या होत्या. कांड्या अखंड निघाल्या तर डोंगर घट्ट, मग लोखंडी कमानींचा आधार न देताच खणायचं. तुकडे निघाले तर आधाराशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. पेट्या तपासून शेवटची सही करायचं काम तिचं. सही झाली की उद्या सकाळी चाळीस माणसं आत उतरणार होती.

सोमवारपासून सहा पेट्या झाल्या होत्या. त्यांच्यावर तिने नुसती नजर फिरवली होती, कारण नोंदवही बाबांच्या हातची होती. बाबा याच कंपनीत भूशास्त्रज्ञ. त्यांची नोंद तपासायची म्हणजे घड्याळाला वेळ विचारून पुन्हा खिडकीतून सूर्य बघण्यातला प्रकार. ही सातवी पेटी तिने हातात घेतली ती केवळ वासामुळे.

हा दगड मूळचा चिखल. कित्येक मैल खोल गाडला गेला, वरून भार, खालून धग. वितळला मात्र नाही. दगडाचा दगड राहूनच आतल्या आत बदलत गेला, अभ्रकाचा कण न् कण भाराखाली आडवा झाला आणि सगळीकडे चकचकीत थर पडले. असा दगड वर येतो तो पत्त्यांच्या कॅटासारखा, हात लावला की सुटणारा. त्याची हातभर अखंड कांडी निघूच शकत नाही. शाळेत असताना बाबांनीच तिला मूठभर तांदूळ दोन वह्यांमध्ये दाबून हे दाखवलं होतं.

"हे कोणी केलं?" तिने फोरमनला विचारलं.

फोरमन दातांत काडी घालून उभा होता. त्याने काडी बाहेर काढली, टोक न्याहाळलं आणि पुन्हा तोंडात घातली. "मॅडम, आम्ही दगड काढतो. खालची बाजू कळावी म्हणून प्रत्येक तुकड्यावर लाल बाण काढतो आणि पेटीत ठेवतो. पुढे शेडची किल्ली तुमच्या बाबांकडे."

गेले पंधरा दिवस बाबा नाश्त्याला बसले की बोटांची सालपटं काढत बशीच्या कडेला ठेवत होते. साबण सोसत नाही म्हणाले. तिने मलम आणून स्वतः त्यांच्या बोटांना चोळलं होतं.

ती कांडी घेऊन केबिनमध्ये गेली तेव्हा बाबा चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून आत पडलं. त्यांनी बोट घालून तो लगदा बाहेर काढला आणि चाटून खाल्ला. या माणसाच्या मांडीवर आपण मोठे झालो याची तिला शिसारी आली.

"चाळीस माणसं आहेत, बाबा."

"वरून सांगितलं, मी केलं," ते कपाकडे बघत म्हणाले. "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. नाही म्हणणं माझ्याच्याने होत नाही आता."

"मी सही करणार नाही."

बाबांनी बोट रुमालाला पुसलं. "बाण बघितलेस का?"

अजून परीक्षाच घेतायत, तिच्या मनात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सवयीने तिची नजर हातातल्या कांडीवर गेली. चार तुकडे जोडलेले होते. तीन बाण एका दिशेला. चौथा उलटा.

ती दहा वर्षांची असताना एका पेटीत असाच एक तुकडा उलटा लागला होता. बाबांनी सगळी पेटी जमिनीवर ओतली होती आणि तुकडे नीट लागेपर्यंत कोणाला जेवू दिलं नव्हतं. तिने मान वर केली.

"प्रत्येक पेटीत एक मुद्दाम उलटा लावलाय," बाबा म्हणाले. "तू कधी पकडतेस, सोमवारपासून वाट बघतोय."

ती शेडमध्ये परत आली आणि पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. दुसऱ्याच कांडीवर, अगदी मधोमध, एक लाल बाण उलटा होता, आणि त्याला लागूनच सोमवारची, तिच्या हातची, तपासल्याची हिरवी खूण होती.