सुया थांबायच्या तिथे

कादंबरीकाराने शेवटचं प्रकरण समोरच्या रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. नायकाची बायको जाते आणि तो तिच्या उशाशी बसून सारा संसार आठवतो, असं ते प्रकरण. जमलंय की फसलंय, काही कळेना. जिभेवर बधिर करायचं औषध लावून जेवायला बसावं तसं झालं होतं.

फोन वाजला. प्रकाशक होता.

"अहो, छापखाना माझ्या मानगुटीवर बसलाय. प्रकरण देताय ना?"

"शेवट चुकलाय."

"कुठे?"

"तेच तर कळत नाही."

"मग चुकलाय कशावरून? मला पाठवा, मी बघतो."

"तुम्हाला आवडेल. तुम्हाला माझं सगळंच आवडतं. तुमचा काही उपयोग नाही."

प्रकाशक हसला. मग म्हणाला, "संध्याकाळपर्यंत द्या. नाहीतर यंदा पुस्तक नाही."

"नाहीच म्हणा. हेही नाही आणि पुढचंही नाही." त्याने फोन ठेवून दिला. हे बोलताना वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

बायको जाऊन तीन महिने झाले होते. भेटायला आलेले लोक रडले, आणि त्यांना पाणी आणून दिलं ते त्यानेच.

तिला वाचून दाखवल्याशिवाय त्याने आजवर एक पान छापायला दिलं नव्हतं. ती समोर बसून विणायची. नजर त्याच्यावर असायची, हात आपले चालू. मध्येच सुया थांबायच्या. ती बोलायची काही नाही. तो त्या ओळीला खूण करायचा आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ गेलेली असायची. का थांबलीस, हे त्याने कधी विचारलं नाही. समीक्षक त्याच्या अंतःप्रेरणेचं कौतुक करत. तो भाषणात सांगे, "माझी अंतःप्रेरणा घरी स्वेटर विणत बसते." सभागृह हसायचं. तो थट्टा करत नसे.

एरवी तिचं आपल्याकडे लक्ष नसतं, असं त्याचं मत होतं. शेवटच्या काही वर्षांत तर ती स्वयंपाकघरातून हाकेला ओ देत नसे. वय झालं की माणूस हट्टी होतं, म्हणून त्याने तो विषय निकालात काढला होता.

आतल्या खोलीत आईचं कपाट आवरणारी मुलगी बाहेर आली.

"पुढचंही नाही म्हणजे काय, बाबा?"

"दुकान बंद. मला स्वतःला कधीच काही कळत नव्हतं गं. जे कळायचं ते तुझ्या आईच्या कानाला."

मुलगी उभीच राहिली. मग खुर्चीच्या कडेवर टेकली.

"बाबा, आईला ऐकू येत नव्हतं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मीच नेलं होतं तिला कानाच्या डॉक्टरांकडे. एक कान पूर्ण गेला होता, दुसरा गेल्यातच जमा. मशीन घेतलं, पण डोकं भणभणतं म्हणून कधी घातलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून भागवायची."

"कधीपासून?"

"तुमची शेवटची तीन पुस्तकं तिने ऐकलेलीच नाहीत."

त्यांतल्या मधल्या पुस्तकाला मोठं पारितोषिक होतं. त्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मग सुया कशा थांबायच्या?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, ओळ खोटी असली की ह्यांचा हात चष्म्याकडे जातो. ह्यांना पत्ता नसतो. मी थांबते, एवढंच. कळतं ह्यांचं ह्यांनाच."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"वाचायचे थांबतील म्हणाली. दिवसातून तेवढाच वेळ तुम्ही तिच्यासमोर बसायचात."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. ती पूर्ण मागे जाईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"वाचा," मुलगी म्हणाली. "मी बघते."

"नको. बघू नकोस."

ती आत गेली. त्याने पहिलं पान घेतलं आणि मोठ्याने वाचू लागला. दुसऱ्या परिच्छेदात हात वर गेला. या वेळी तो त्याला दिसला. बोट चष्म्यावर तसंच ठेवून त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

'इतक्या वर्षांच्या संसारात तिचं काहीही त्याच्यापासून लपून राहिलं नव्हतं.'