अकरा झाडं, आठ सेकंद

साहेबानं झाडं दुसऱ्यांदा मोजली. तरी अकराच भरली.

"बाई, यांना पाणी कोण घालतं?"

"मीच घालतो नं साहेब," चंपाबाई खुशीत म्हणाली. तिला वाटलं, सरकार बक्षीस द्यायला आलं.

साहेबाचा चेहरा पडला. त्यानं नियम वाचून दाखवला. रस्त्याच्या कडेला ओळीत दहा झाडं जिवंत असली की तो पट्टा सुशोभित. सुशोभित पट्ट्यात लाईटचा फिरता बोर्ड चालत नाही. ड्रायव्हरचं झाडांवरचं लक्ष उडतं.

कागदावर अख्ख्या रस्त्याची झाडं जिवंत होती. पण खरोखरची मेलेली असल्यामुळे तिकडचे बोर्ड सुखात होते. कागद आणि जमीन जुळली ती फक्त इथं, रिठदच्या पाटीजवळ, चंपाबाईच्या मळ्यासमोर, नेमकी अशाच एका बोर्डाखाली.

"मंग हा बोर्ड?"

"काढणार. सोमवारी."

चंपाबाईनं हातातली बादली खाली टेकवली.

बोर्डावर सहा जाहिराती फिरतात. सोनार, दवाखाना, बियाणं, मोटरपंप, असलं काय काय. त्यातच नोकरीच्या क्लासची एक. तिच्यात टाय लावलेला प्रसेनजित हसतो. चंपाबाईचा पोरगा. मुंबईला नोकरी लागली, दोन जयंत्या झाल्या, घरी आला नाही. तिच्या बटनाच्या फोनमधून आवाज येतो, तोंड येत नाही. इथं मात्र दर फेरीला आठ सेकंद येतं. म्हणून रिसोडच्या बाजाराची कोथिंबीर धुऊन झाली की ते गढूळ पाणी घेऊन ती इथं यायची. पोरगा जाऊन मोटरपंप आला की एक झाड पाजायचं, पोरगा परत आला की मान वर. अकरा झाडं, अकरा वेळा पोरगा.

"काहून पाजलं वं इतकं?" तिचा नवरा शेषराव कपाळाला हात लावून म्हणाला. "सहा पाजली असती तं भागलं नसतं?"

"सहा वेळा पाहून मन भरते काय?"

"रोज थोच फोटो. त्यात पाहतं तरी काय?"

"पोट्टं वाळलं काय, ते."

"अवं, फोटो कुठं वाळते?"

साहेब भला माणूस. झाडांकडे न बघता म्हणाला, "मी पाटीवरच्या टपरीत चहा पिऊन येतो. आल्यावर नऊ भरली, तर नऊच लिहीन." आणि गाडीला किक मारून गेला.

शेषराव पळत जाऊन कुऱ्हाड घेऊन आला. "दोनच. बोल, कोनती?"

चंपाबाई पहिल्या करंजापाशी गेली. "हे नको. याच्या सावलीत मी बसतो." दुसऱ्याला नवी पालवी आली होती. तिसऱ्यात बुलबुलानं काड्या आणून ठेवल्या होत्या. चौथं आधीच दुबळं, आत्ता कुठं त्यानं जीव धरला होता. अशी ती अकराव्यापर्यंत गेली आणि तिथून उलटी आली. शेषराव खांद्यावर कुऱ्हाड घेऊन मागं मागं, दुसऱ्याच्या वरातीत सापडल्यासारखा. वरून मधूनमधून पोरगा हसत होता.

साहेब मुद्दाम दोन चहा पिऊन आला. मोजली. अकरा.

उसासा टाकून त्यानं कागद भरला. "अंगठा का सही?"

"सही," ती म्हणाली. पोरानंच शिकवली होती. तिनं एकेक अक्षर जपून काढलं आणि पेन परत देता देता थांबली.

"साहेब, सोमवारपावतर थो बोर्ड जरासा हळू फिरवाले सांगता काय?"

"का हो?"

"थो हासते. मी हासाले लागली का पंप येते."